रॉकची हौस : गिटार, जॅमरूम आणि तिकिटाचा हिशेब

रविवारी सकाळी नऊ ते अकरा. पुण्यातल्या एका इमारतीचं तळघर, भिंतींना फोम, खाली जुनी सतरंजी. ड्रमवाला काठ्या आपटून चार मोजतो, बेस सुरू होतो, आणि माझ्या गिटारचा पहिला कॉर्ड ॲम्पमधून बाहेर पडतो तेव्हा तो कानाआधी छातीला कळतो. या जॅमरूमचं दोन तासांचं भाडं हजार रुपये. आम्ही चौघं, म्हणजे माणशी अडीचशे. गेली बारा वर्षं मी हे अडीचशे रुपये देतो आहे, आणि या छंदात याहून सत्कारणी लागलेला पैसा मला आठवत नाही.

ओळखीचे लोक विचारतात, "मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे, किती लागतील?" कुणी पंचेचाळिशीत स्वतःसाठी विचारतं. प्रश्न नेहमी गिटारच्या किमतीचा असतो. पण गिटार एकदाच घ्यायची असते. महिन्यामागून महिने चालणारा खर्च वाजवण्याचा आणि ऐकण्याचा, म्हणून बजेट त्या टोकापासून आखावं. पुढचे आकडे पुण्या-मुंबईतल्या दरांवरून काढलेले ढोबळ आकडे आहेत. नागपूर, कोल्हापूर किंवा पणजीत थोडे खाली-वर होतील.

गिटार घेताना

रॉक वाजवायचं असेल तर "आधी अकूस्टिक, मग इलेक्ट्रिक" हा सल्ला पाळलाच पाहिजे असं नाही. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक आणि सैल, त्यामुळे नवशिक्याची बोटं कमी दुखतात. तरीही अकूस्टिक हवी असेल तर यामाहाची एफ-२८० किंवा तिच्या जोडीची कुठलीही गिटार ८ ते ११ हजारांत मिळते आणि वर्षानुवर्षं टिकते. तीन-चार हजारांची रंगीत गिटार मात्र घेऊ नये. तिचे सूर वरच्या पट्ट्यांवर जुळत नाहीत, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलाच कान कच्चा आहे.

नवी इलेक्ट्रिक १५ ते २५ हजारांत चांगली येते: यामाहा पॅसिफिका ०१२, स्क्वायरच्या सुरुवातीच्या मालिका, आयबानेझची गिओ, कॉर्ट. स्क्वायरच्या बऱ्याच गिटारींच्या पट्टीला 'इंडियन लॉरेल' लाकूड असतं. हे लाकूड म्हणजे आपल्या सह्याद्रीत उभा असलेला ऐन. महागड्या गिटारींना लागणारी इंडियन रोजवुड म्हणजे आपली शिसवी. दुकानात ही नावं ऐकून बुजून जाऊ नये.

माझं मत जुन्या गिटारीच्या बाजूने आहे. हौसेने घेतलेल्या आणि सहा महिन्यांत कपाटावर गेलेल्या गिटारी शहरात भरपूर आहेत; २० हजारांची वस्तू १२ ते १४ हजारांत मिळते. बघायला जाताना वाजवणारा कुणीतरी बरोबर न्या. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून मान सरळ आहे का पाहा. सहाही तारा प्रत्येक पट्टीवर एकेकदा वाजवा, कुठे खरखर किंवा मुका सूर येतो का ऐका. ॲम्पला जोडून आवाजाची बटणं फिरवा. खरखरणारं बटण दोनशे-तीनशे रुपयांत दुरुस्त होतं, पण पिळलेली मान दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये.

यानंतर बहुतेक लोक एक खर्च टाळतात आणि तिथेच फसतात. तो म्हणजे सेटअप. गिटार नवी असो वा जुनी, जाणकार कारागिराकडून मानेतला ट्रस रॉड, ब्रिज आणि तारांची उंची जुळवून घ्यावी लागते. खर्च ८०० ते २,००० रुपये. गरज आहे की नाही हे घरीच कळतं. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलीमीटरच्या आसपास असते. बाराव्या पट्टीवर, पट्टी आणि जाड तार यांच्यामध्ये दोन-तीन कार्डं जेमतेम मावली तर इलेक्ट्रिक गिटार ठीक. चार कार्डं सहज सरकली तर तारा उंच आहेत. बोटं सोलवटून गिटार सोडून दिलेली किती तरी माणसं मला भेटली आहेत. त्यातल्या दोघांची गिटार मी सेटअप करून आणली, आणि दोघंही आज वाजवतात. त्यांची चूक नव्हती, तारा उंच होत्या.

पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान किंचित वाकते, तारा गंजतात. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने तारा आणखी लवकर जातात. बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा. डडारिओसारख्या चांगल्या तारांचा संच ६०० ते ८०० रुपयांना पडतो. घरी वाजवणाऱ्याला वर्षाला चार संच पुरतात. मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवून जाऊ नये, डिंकाचे सांधे सुटतात.

ॲम्प आणि वीज

फ्लॅटमध्ये १० ते २० वॉटचा ॲम्प पुष्कळ झाला. नवा ८ ते १२ हजार, जुना ५ ते ७ हजार. रात्री दहानंतर हेडफोन. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या आजींची झोप त्याहून महत्त्वाची आहे. गिटारला थेट लावायचा छोटा हेडफोन ॲम्प दीड ते चार हजारांत मिळतो.

गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. हा सल्ला मी तळमळीने देतो आहे. एक डिस्टॉर्शन पुरतं, आणि ते बहुतेक ॲम्पमध्ये असतंच.

अर्थिंग मात्र तपासाच. जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. तारांवर हात आणि ओठ माइकला टेकलेले असताना अर्थिंगमध्ये दोष असला तर शॉक बसतो, आणि तो जिवावरही बेततो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सीत मंचावरच माइकच्या विजेने गेला. घरी इलेक्ट्रिशियन दोन-तीनशे रुपयांत सॉकेट तपासून देतो. जॅमरूममध्ये किंवा सोसायटीच्या मांडवात माइकला हात लावताना झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवा, संकोच करू नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने ॲम्प आणला असेल तर आधी मागची पट्टी वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तो फक्त १२० व्होल्टचा असेल आणि मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर न लावता आपल्या सॉकेटला जोडला, तर जळतो.

शिकणं आणि जॅमरूम

आठवड्यातून एक-दोन तास शिकवणाऱ्या क्लासची फी महिन्याला दोन ते तीन हजार. सहा महिने शिक्षकासमोर बसावं. उजव्या हाताची वाईट सवय व्हिडिओ पाहून कळत नाही, शिक्षक ती पहिल्या दिवशी पकडतो. त्यानंतर, चारच कॉर्ड येत असले तरी, जॅमरूम गाठा.

जॅमरूमचं भाडं पुण्यात तासाला ३०० ते ६००, मुंबईत ५०० ते ९००. त्यात ड्रम सेट, बेस आणि गिटारचे ॲम्प, माइक, गाण्याचे स्पीकर येतात. झांजा, म्हणजे सिंबल, बऱ्याच ठिकाणी ड्रमवाल्याने स्वतःच्या आणायच्या असतात, विचारून घ्या. सकाळचे आणि आठवड्यातल्या दिवसांचे तास स्वस्त. दहा तासांचं पॅकेज घेतलं तर तासामागे पन्नास-शंभर वाचतात, पण मुदत किती ते लिहून घ्या. आमचे एकदा चार तास मुदत संपून गेले आणि मालकाने ते दिले नाहीत. केबल आपली घेऊन जा. ५०० ते ८०० रुपयांची केबल दोन-तीन वर्षं चालते, तिथली केबल गाण्याच्या मध्यावर दगा देते.

घरी एकट्याने हजारदा वाजवलेलं गाणं तिथे पहिल्या दिवशी कोसळतं. घरी आपण अडलो की थांबतो आणि पुन्हा सुरू करतो. ड्रमवाला थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला बोटं चुकूनही ताल सुटत नाही, आणि मग एका क्षणी चौघंही एकदम थांबतात, एकदम सुरू होतात. तो क्षण मी शब्दांत पकडू शकलेलो नाही. तो अनुभवायला माणशी अडीचशे रुपये लागतात एवढं सांगू शकतो.

मंचावर जायची वेळ आली की तीन गोष्टी आधी विचारा: ड्रम आणि ॲम्प कुणाचे, साउंडचेक किती वाजता, येण्या-जाण्याचे पैसे मिळणार का. हौशी बँडला पहिल्या कार्यक्रमांत मानधन मिळत नाही, हे मान्य करायला हरकत नाही. पण वाजवण्यासाठी स्वतः पैसे भरू नका. एका स्पर्धेत आमच्याकडून प्रवेश फी घेतली गेली, वर पंचवीस तिकिटं खपवायला दिली, आणि वाजवायला मिळाली दहा मिनिटं. दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएस या हक्कसंस्थेचा परवाना काढणं आयोजकाचं काम आहे; तो खर्च तुमच्या माथी येऊ देऊ नका.

ऐकायला जाणं

मुंबईत धोबी तलावाला रंगभवन हे उघडं नाट्यगृह होतं. १९८६ पासून तिथे 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव भरत असे; वाद्यांचं जुनं फुर्तादोस दुकान चालत दोन मिनिटांवर. रॉक मशीन या बँडने, पुढे इंडस क्रीड या नावाने, मुंबईच्या मुलांना स्वतःच्या गाण्यांचा रॉक ऐकवला तो त्याच काळात. आजूबाजूला रुग्णालय आणि कॉलेजं, म्हणून शांतता क्षेत्राच्या नियमांपायी तिथली रॉकची मैफल बंद पडली. उघड्या आकाशाखाली स्वस्तात रॉक ऐकायची ती जागा गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. तशी दुसरी जागा मुंबईला मिळाली नाही.

आता दोन टोकं उरली आहेत. एक छोट्या जागांचं: लोअर परळचं अँटीसोशल आणि तशी ठिकाणं, तिकीट ५०० ते १,२०० रुपये. बंगळुरूचा थर्मल अँड अ क्वार्टर किंवा सिक्कीमचे गिरीश अँड द क्रॉनिकल्स अशा बँडला दहा फुटांवरून ऐकता येतं, गिटारवाल्याची बोटं दिसतात. शिकणाऱ्यासाठी याहून मोठा वर्ग नाही. बार असलेल्या जागी बहुधा २१ वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. मुलाला नेणार असाल तर आधी फोन करा. ओळखपत्र खिशात हवंच.

दुसरं टोक स्टेडियमचं. २०२५ च्या जानेवारीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले आले. तिकिटं २,५०० पासून, मैदानात उभं राहायचं ६,४५०, लाउंजचं ३५,०००. ती काही वेळातच संपली आणि पुनर्विक्रीत लाखांचे भाव बोलले गेले. पुनर्विक्रीचं तिकीट घेऊ नका: एकच क्यूआर कोड तिघांना विकला तर पहिला आत जातो, उरलेले दोघं दारात राहतात. छापील किमतीवर बुकिंग शुल्क आणि कर चढतो, तो धरूनच हिशेब करा. पुढच्या रांगेच्या तिकिटाचा मोह आवरा. आवाज सर्वांत चांगला लागतो तो साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी, कारण तो तिथेच उभा राहून आवाज जुळवत असतो. सर्वात महाग तिकीट क्वचितच तिथलं असतं.

पुण्याहून जाणाऱ्यांनी परतीचा विचार आधी करावा. नेरूळला हार्बर लाइन, महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या कार्यक्रमाला पश्चिम रेल्वेचं महालक्ष्मी स्टेशन. कार्यक्रम रात्री दहाच्या सुमारास संपतो, गर्दीतून बाहेर पडायला तास लागतो. दादरहून रात्रीची शिवनेरी बस मिळते का ते आधी पाहून ठेवा. जाऊन-येऊन, खाण्यासह, दीड ते दोन हजार धरा. टॅक्सीवाले त्या रात्री मनाला येईल तो भाव सांगतात, म्हणून स्टेशनपर्यंत चालत जा.

कान

हा भाग वगळू नका. ८५ डेसिबल आवाज कान आठ तास सहन करतो असं मानलं जातं. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. रॉकच्या कार्यक्रमात आणि बंद जॅमरूममध्ये आवाज सहज १०० च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत ठेवण्याचा निकष दिला. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे वीस-तीस रुपयांना मिळतात. संगीताचा पोत न बिघडवता आवाज कमी करणारे प्लग दीड ते तीन हजारांना. मी पहिली सात वर्षं काहीच वापरलं नाही. आता शांत खोलीत डाव्या कानात एक बारीक शिट्टी वाजत असते, आणि ती थांबवणारं औषध नाही. गिटारनंतरची तुमची पहिली खरेदी हे प्लग असू द्या.

बेरीज

जुनी गिटार १४,०००, सेटअप १,५००, जुना ॲम्प ६,०००. केबल, क्लिप ट्यूनर, पट्टा आणि पिक मिळून १,५००. तारा २,८००. सहा महिन्यांचा क्लास १५,०००. महिन्यातून दोनदा जॅमरूम, चौघांत वाटून, वर्षाचे ६,०००. छोटे सहा कार्यक्रम ४,२००, एक मोठा प्रवासासह ८,०००. कानाचे प्लग २,०००. पहिल्या वर्षी एकूण ६१,०००. दुसऱ्या वर्षी गिटार, ॲम्प, क्लास नाही. उरतात तारा, सेटअप, जॅमरूम आणि तिकिटं: २२,५००, म्हणजे महिन्याला १,९०० च्या आत.

आणि एवढेही आत्ता लगेच घालायचे नसतील तर दुकानात जाण्याआधी जवळच्या जॅमरूमला फोन करा. बऱ्याच ठिकाणी शंभर-दोनशे रुपयांत तासाभरासाठी गिटार भाड्याने मिळते. एखादा वाजवणारा मित्र घेऊन जा, ॲम्प सुरू करा आणि एक कॉर्ड मोठ्याने वाजवून बघा. गिटार घ्यायची की नाही ते नंतर ठरवा.