परसबागेतून कॉकाटीलचा समतोल आहार

दुभत्या म्हशीला नुसता पेंढा घालून दूध मिळत नाही, हे तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही. पडवीतल्या पिंजऱ्यात हौसेने आणलेल्या पक्ष्याच्या बाबतीत मात्र हाच नियम विसरला जातो. तुरेवाला, पिवळ्या गालांवर नारिंगी ठिपका असलेला कॉकाटील (बाजारात याला 'कॉकटेल' म्हणतात) आता गावोगावच्या घरांत दिसतो. त्याच्यापुढे सूर्यफुलाचे बी आणि पाणी ठेवले की आपले काम झाले असे समजले जाते. योग्य आहार मिळाल्यास हा पक्षी १५ ते २० वर्षे जगतो. नुसत्या बियांवर ठेवलेला पक्षी त्याच्या कितीतरी आधी दगावतो. त्याला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी मालवण किनाऱ्यावरील घराच्या परसात, शेतात व वाळूवर उपलब्ध आहेत. त्यांचा वापर कसा करावा, याची माहिती येथे दिली आहे.

पक्ष्याची ओळख

कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील आहे. तेथे तो थव्याने फिरतो आणि जमिनीवर उतरून गवताचे बी टिपतो. हे बी कधी हिरवे, कधी पिकलेले, कधी अंकुरलेले असते. अन्न शोधण्यासाठी त्याला रोज लांब उडावे लागते. पिंजऱ्यातील पक्ष्याचे उडणे थांबते आणि खाणे मात्र एकाच तेलबीवर येते. त्याचे वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम असते. एवढ्या लहान शरीरात साठा फार नसतो, म्हणून आहारातील चूक लवकर भोवते.

कॉकाटीलला कोंबडीच्या मापाने मोजू नये. कोंबडी दाणा सगळाच गिळते व पेषणीत खड्यांच्या साहाय्याने दळते. कॉकाटील चोचीने साल काढून आतला गर तेवढा खातो. त्यामुळे त्याला खडे किंवा वाळू देण्याची गरज नाही. जास्त झाल्यास अन्नमार्ग तुंबतो. कोंबडीचे तयार खाद्यही त्याला घालू नये.

नुसत्या बियांनी काय बिघडते?

सूर्यफुलाच्या गरात जवळजवळ निम्मे तेल असते. हालचाल नसलेल्या पक्ष्याच्या यकृतावर त्यामुळे चरबी चढते. शिवाय बियांत जीवनसत्त्व 'अ' आणि कॅल्शियम फारच कमी असते. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले की शिंका येणे, डोळ्यांभोवती सूज, तोंडात पांढरे डाग अशी लक्षणे दिसतात.

कॅल्शियमच्या कमतरतेचा सर्वांत मोठा फटका मादीला बसतो. कॉकाटीलची मादी नर नसतानाही अंडी घालू शकते आणि एका खेपेस सुमारे ४ ते ७ अंडी घालते. प्रत्येक कवचासाठी लागणारा चुना आहारातून मिळाला नाही तर तो हाडांतून काढला जातो आणि स्नायूंची ताकद कमी होते. मग अंडे आतच अडकते. पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली, शेपटी वरखाली करीत जोर लावणारी मादी दिसली तर एक दिवसही थांबू नये. तिला उबदार जागी ठेवून तात्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे. घरी अंडे ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये.

धान्याचे मिश्रण

एक किलो मिश्रणासाठी पुढील प्रमाण घ्यावे. सर्व धान्ये शक्यतो सालीसकट असावीत.

१) राळे (दुकानात 'कांगणी' या नावाने मिळते) – ४०० ग्रॅम
२) बाजरी – २०० ग्रॅम
३) वरी – १५० ग्रॅम
४) नाचणी – १५० ग्रॅम
५) भात (साळ) – ५० ग्रॅम
६) सूर्यफूल किंवा करडई – ५० ग्रॅम

यातील नाचणी, वरी आणि भात आपल्याच वरकस जमिनीत व मळ्यात होतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते अगदी नगण्य असते. आश्विनात नाचणीची कणसे दुधावर असताना एखादे कणीस पिंजऱ्यात टांगावे. पक्षी ते आवडीने सोलतो आणि त्याचा वेळही चांगला जातो.

रोजचे खाद्य (एका पक्ष्यासाठी)

सकाळी : बारीक चिरलेला पाला व भाजी एक ते दोन चहाचे चमचे, तसेच मोड आलेले मूग किंवा मटकी एक चमचा. दोन-तीन तासांनी उरलेले काढून टाकावे.

दुपारनंतर : धान्याचे मिश्रण दोन चहाचे चमचे (सुमारे १० ग्रॅम). पक्ष्यांसाठीचे तयार गोळी खाद्य मिळत असल्यास धान्याचा निम्मा भाग त्याने भरून काढावा.

आठवड्यातून दोनदा : उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा. पिसे झडण्याच्या व अंड्यावर येण्याच्या काळात याची विशेष गरज असते.

वाटीत टरफले साचतात आणि वाटी भरलेली दिसते, पण आत दाणा नसतो. अशा 'भरलेल्या' वाटीपुढे पक्षी उपाशी राहतो. म्हणून रोज फुंकर मारून टरफले उडवावीत आणि मगच दाणा घालावा.

परसातील भाजीपाला व फळे

शेवग्याचा पाला सर्वांत उपयुक्त आहे. त्यात 'अ' जीवनसत्त्वाचा पुरवठा करणारे घटक व कॅल्शियम दोन्ही भरपूर असतात. तांबडा माठ, कोथिंबीर, लाल भोपळा, गाजर व उकडलेले रताळे आलटून पालटून द्यावे. पालक कधीतरीच द्यावा, कारण त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरते. हिरवी किंवा लाल मिरची चालते. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. पपई, पेरू, केळे किंवा आंब्याची लहानशी फोड आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. ओल्या खोबऱ्याचा तुकडा आठवड्यातून एकदाच द्यावा, कारण त्यात चरबी जास्त असते.

आंबा, काजूवर फवारणी झालेली असल्यास त्या बागेतील पाला, गवत किंवा बसण्यासाठी फांदी पिंजऱ्यात घालू नये. ज्या रानभाजीची खात्री नाही, तीही देऊ नये.

समुद्रफेस : फुकटचा चुना

माकुलाच्या पाठीतील पांढरे, हलके हाड म्हणजे समुद्रफेस. ते मुख्यतः चुन्याचेच बनलेले असते. तारकर्ली, देवबागच्या वाळूत ते वाहून आलेले सापडते, तसेच माकुल साफ करणाऱ्या मच्छीमार भगिनींकडूनही मिळते. स्वच्छ, डाग नसलेला तुकडा निवडावा. तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवावा व पाणी रोज बदलावे, म्हणजे मीठ निघून जाते. नंतर १० मिनिटे उकळून कडक उन्हात वाळवावा व मऊ बाजू पक्ष्याकडे करून तारेने बांधावा. पक्षी गरजेपुरता चुना खरवडून घेतो.

चुना अंगी लागण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व हवे आणि ते उन्हातून मिळते. सकाळच्या कोवळ्या उन्हात पिंजरा अर्धा तास ठेवावा. काचेआडून आलेले ऊन उपयोगाचे नाही. पिंजऱ्याचा निम्मा भाग सावलीत असावा आणि मांजर, कावळ्यांवर लक्ष ठेवावे.

पावसाळ्यातील काळजी

जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हवेतील दमटपणाने दाण्याला बुरशी लागते. शेंगदाणे, मका व खोबरे यांवरील बुरशीतून तयार होणारे अॅफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करते. उकळून किंवा भाजून ते पूर्णपणे जात नाही. म्हणून,

१) धान्य मे महिन्यात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे.
२) बाजारातील दाणा १५ दिवसांपुरताच आणावा.
३) कुबट वास आलेला दाणा चाळून वापरू नये, टाकून द्यावा.
४) मोड आणताना कडधान्य ८ ते १० तास भिजवावे, दिवसातून तीनदा धुवावे आणि कोंब फुटताच वापरावे. बुळबुळीत झालेले मोड देऊ नयेत.
५) पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे चुकूनही वापरू नये.

हे कधीही देऊ नये

अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा, लसूण, कच्चे अळू, सालीसकट कच्ची काजू बी, न शिजवलेला राजमा व पावटा, सीताफळाच्या व सफरचंदाच्या बिया. सुकी मासळी, वेफर्स व फरसाण यांतील मीठ एवढ्याशा जीवाला सोसत नाही. ज्यांच्याकडे निवास-न्याहारीसाठी पर्यटक उतरतात, त्यांनी पिंजऱ्यावर 'खाऊ घालू नये' अशी पाटी लावावी. दूधभात किंवा दुधात भिजवलेली पोळीही देऊ नये. दुधातील साखर पक्ष्यांना पचत नाही.

उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. आपण पितो तेच गोडे पाणी पक्ष्यालाही दिवसातून दोनदा बदलून द्यावे.

आहारात बदल करताना

सूर्यफुलाची सवय लागलेला पक्षी नवीन अन्नाला लगेच तोंड लावत नाही. त्याला उपाशी ठेवून वळण लावणे धोक्याचे आहे. तीन ते सहा आठवडे घेऊन जुने खाद्य थोडे थोडे कमी करावे. पाला ओला करून पिंजऱ्याच्या गजांत अडकवावा. घरच्या माणसाने समोर बसून तोच पाला खाल्ला तर पक्षी लवकर धीट होतो. दर आठवड्याला ठराविक वेळी लहान काट्यावर वजन करून वहीत लिहावे. वजन दहा टक्क्यांनी घटले किंवा विष्ठा कमी झाली, तर बदल थांबवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा.

शेवटी एक सूचना. आपल्या रानातील पोपट पकडणे किंवा पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. हौस असल्यास पिंजऱ्यातच पैदास झालेला कॉकाटील पावती घेऊन आणावा. आणण्यापूर्वी परसात शेवग्याची एक फांदी व माठाचा एक वाफा लावावा आणि डब्यात नाचणी भरून ठेवावी.