काचेच्या भिंतीपलीकडचं अंगण

प्रश्न : सनीव्हेलमध्ये आम्ही जुनं आयकलर घर घेतलंय. मागचं अंगण घराच्या काळाला शोभेलसं करायचंय. तुळशीवृंदावनही हवंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी घरात बसून बाहेर बघा. जोसेफ आयकलर यांनी कॅलिफोर्नियात अशी सुमारे ११ हजार घरं बांधली. काचेच्या भिंतीमुळे अंगण म्हणजे या घरांची आणखी एक खोलीच. म्हणून घराच्या खांबांच्या रेषा तशाच बाहेर न्या. त्या रेषांवर रेडवूडच्या पट्ट्या टाका आणि मधल्या चौकोनांत खडी दिसणारं काँक्रीट करा. पण उतार घरापासून दूर हवा, दर फुटाला पाव इंच. घरातली जमीन जवळपास बाहेरच्या पातळीतच असते. इथे चुकलात तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी दिवाणखान्यात!

झाड असेल तर तोडू नका. उद्यानरचनाकार थॉमस चर्च यांनी १९४८ मध्ये सोनोमाच्या डॉनेल बागेत ओकच्या झाडांना जागा ठेवून लाकडी डेक बांधला. त्या बागेतला पोहण्याचा वळणदार तलाव मात्र पुढे इतका नकलला गेला, की छोट्या अंगणात तो मला हास्यास्पद वाटतो.

खुर्च्या बुटक्या, मोजक्या. दिव्यांच्या माळा नकोत.

तुळशीसाठी कोरीव वृंदावन इथे उपरं दिसेल. साधी, पांढरी, नळकांड्यासारखी कुंडी घ्या. १९५० पासून लॉस एंजेलिसची ‘आर्किटेक्चरल पॉटरी’ ही कंपनी तशाच कुंड्या बनवत होती. थंडीत मात्र तुळस घरात घ्या, काचेलगत.