एच.आय.व्ही. : तरुण स्वयंसेवक आणि गुप्ततेची शिस्त

उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस वसईची खाडी यांच्या दरम्यान पसरलेल्या वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर गेली होती. केळीच्या बागा व पानमळे जपणारी जुनी गावे, नालासोपाऱ्यातील दाट वस्ती, वसई पूर्वेचे कारखाने आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील मालवाहतूक असे तिचे संमिश्र स्वरूप आहे. घरापासून दूर राहून काम करणारा तरुण वर्ग येथे मोठा आहे. एच.आय.व्ही.विषयीची शास्त्रीय माहिती या वर्गापर्यंत पोहोचविण्याच्या कामी महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक व रेड रिबन क्लबचे सभासद मोलाचे साहाय्य करू शकतात.

१ डिसेंबरची फेरी, पथनाट्य आणि भित्तिपत्रके ही या कार्याची परिचित बाजू होय. ती अनावश्यक नाही. परंतु गर्दी पांगल्यावर एखादा कामगार बाजूला येऊन दबक्या आवाजात शंका विचारतो, तेव्हाच स्वयंसेवकाची खरी कसोटी लागते. “कोणासाठी विचारता?” एवढ्या एका प्रश्नाने तो माणूस कायमचा दुरावू शकतो. चाचणी व समुपदेशन शासकीय केंद्रात विनामूल्य होते, चाचणीपूर्वी व्यक्तीची संमती घेतली जाते, तिचा निष्कर्ष गुप्त राहतो आणि १०९७ या क्रमांकावर निःशुल्क माहिती मिळते, इतके सांगून स्वयंसेवकाने थांबावे. नाव, गाव, नाते यांची चौकशी करणे हे त्याचे काम नव्हे.

ही शिस्त आवश्यक आहे, कारण आज अनेकांना रोगापेक्षा बोभाट्याचे भय अधिक वाटते. भारतात १९८६ मध्ये मद्रास येथे या विषाणूची बाधा प्रथम आढळली, तेव्हा परिणामकारक औषध नव्हते. १९८९ मध्ये गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्यास, केवळ त्याच्या रक्तात विषाणू आढळला म्हणून, ६४ दिवस एकांतात डांबून ठेवण्यात आले होते. आता परिस्थिती पालटली आहे. १ एप्रिल २००४ पासून शासनाने विनामूल्य औषधोपचार सुरू केला. २०१७ पासून तो निदान होताच मिळू लागला. नियमित औषधाने रक्तातील विषाणू तपासणीत न आढळण्याइतका घटला व तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून त्याचा प्रसार होत नाही. उपचाराअभावी बाधित मातेकडून बालकास संसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा १५ ते ४५ असते. योग्य उपचाराने ते शेकडा ५ च्या खाली आणता येते. औषध हाताशी आहे. शेजाऱ्यांना कळेल या धास्तीने चाचणीच टाळणारा मात्र त्याला मुकतो.

एकत्र जेवण, हस्तांदोलन, सामायिक शौचालय किंवा डासाचा दंश यांतून हा विषाणू पसरत नाही. हे वाक्य पाठ असलेली माणसेही प्रत्यक्षात पेला वेगळा ठेवतात. म्हणून केवळ व्याख्यान पुरेसे होत नाही. शंका विचारण्यास वाव देणारी लहान गटांतील चर्चा अधिक उपयोगी पडते.

१० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या केंद्रीय कायद्याने नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा व निवास यांबाबत बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. विहिरी, स्नानघाट व दफनभूमी यांच्या वापराचाही त्यात उल्लेख आहे, हे पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घ्यावे. विश्वासाच्या नात्यातून कळलेली माहिती, काही मोजके अपवाद वगळता, संबंधिताच्या लेखी संमतीवाचून उघड करता येत नाही. बाधितांविषयी द्वेष पसरविणाऱ्यास तीन महिने ते दोन वर्षे कारावासाची तरतूद आहे.

शाळेच्या हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे केलेली खूण किंवा ग्रामसभेत सहानुभूतीने केलेला नामोल्लेखही त्या कुटुंबास गावातून उठवू शकतो. मदत द्यावयाची असल्यास ती इतर गरजूंबरोबरच, त्याच रांगेत आणि कारण न सांगता देता येते.