स्पॅनिश आज्ञार्थ आणि आदरव्यवस्था

स्पॅनिश शिकणाऱ्याला आज्ञार्थाचा एक सुटसुटीत नियम सांगितला जातो : नियमित धातूचे वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचन घ्यावे, की ‘तू’ची आज्ञा सिद्ध झाली. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. ‘आब्ला’ म्हणजे ‘तो बोलतो’ आणि ‘आब्ला’ म्हणजेच ‘बोल’. ‘कोमेर’ (खाणे) व ‘बिबिर’ (जगणे) यांची रूपे तशीच : कोमे, बिबे. अनेकांना, सलगीने, आज्ञा करताना मूळ रूपातील अन्त्य ‘र’च्या जागी ‘द’ येतो : आब्लाद, कोमेद, बिबिद. नियम उपयुक्त आहे. पण तो इतिहास नव्हे. लॅटिनमध्ये ‘आमा’ (प्रेम कर) आणि ‘आमात’ (तो प्रेम करतो) ही रूपे भिन्न होती. दुसऱ्यातील अन्त्य ‘त’ गळाल्याने ती एकरूप झाली. अनेकवचनी ‘आमाते’तील ‘त’चा ‘द’ झाला, अन्त्य स्वर लोपला आणि ‘आमाद’ उरले.

आदरार्थी आज्ञेचे कूळ मात्र वेगळे आहे. तेथे ‘आर’कारान्त धातूंना ‘ए’ आणि इतरांना ‘आ’ अशी स्वरांची अदलाबदल होते : आब्ले, कोमा, बिबा, अनेकवचनी आब्लेन, कोमान, बिबान. ही रूपे आज्ञार्थाची नव्हेतच. इच्छा, अपेक्षा, संशय दर्शविणाऱ्या अर्थाची, म्हणजे संभाव्यार्थाची ती आहेत. कारण ‘उस्तेद’ (आपण) हे सर्वनाम ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या संबोधनाचे झिजलेले रूप आहे. थेर्वान्तेसच्या ‘दोन किखोते’मध्ये (१६०५, १६१५) सांचो धन्याला याच पूर्ण शब्दांनी संबोधतो. कृपेला आज्ञा कशी करणार? तिने बोलावे, एवढीच इच्छा व्यक्त करता येते. म्हणून क्रियापद तृतीयपुरुषी.

मराठी वाचकाला ही युक्ती परकी वाटू नये. ‘तू बोल’, ‘तुम्ही बोला’ येथवर आपण आज्ञार्थात असतो; ‘आपण बोलावे’ म्हणताच विध्यर्थात शिरतो. ‘आब्ले उस्तेद’चा अनुवाद ‘बोला’ असा करणे चुकीचे नाही, परंतु औपचारिक प्रसंगी ‘आपण बोलावे’ हेच त्याच्या घडणीला अधिक जवळचे. अनुवादक येथे चुकला, तर पात्रांमधील अंतरच पुसले जाते. (स्पॅनिश ‘तू’ आणि मराठी ‘तू’ यांचे साम्य मात्र योगायोगाचे नव्हे, दोन्ही एकाच भारोपीय मुळातून आलेली आहेत.)

निषेधात हा भेद मावळतो : ‘नो आब्लेस’, बोलू नकोस, येथे ‘तू’लाही संभाव्यार्थच लागतो.

लॅटिन अमेरिकेत सलगीचे अनेकवचन ‘बोसोत्रोस’ वापरातून गेले असून मुलांच्या घोळक्यालाही ‘आब्लेन’ म्हणतात. अर्जेंटिनात तर ‘बोस’ हे एकेकाळचे आदरार्थी सर्वनाम आज मित्रासाठी वापरले जाते. त्याची आज्ञा ‘आब्लाद’मधील ‘द’ गळून झालेली आहे : आघात अन्त्य अक्षरावर ठेवून ‘आब्ला’, ‘कोमे’, आणि तिसरी ‘बिबी’.