कोड्याचा खेळ कसा घडतो : अठ्ठेचाळीस तासांचा एक पाठ

'खेळ' हा शब्द उच्चारला की आज बहुतेक पालकांच्या डोळ्यांसमोर मैदान येत नाही. मोबाईलच्या पडद्यावर खिळलेली मुलाची नजर येते. ही चिंता अनाठायी नाही. परंतु पडद्यावरचा प्रत्येक खेळ कोणीतरी बसून रचलेला असतो, त्यातील प्रत्येक नियम कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेला असतो, ही गोष्ट मुलांना सहसा सांगितली जात नाही. खेळणारा दुसऱ्याने केलेल्या नियमांत वावरतो. खेळ रचणाऱ्याला मात्र नियम म्हणजे काय, तो कशासाठी असतो आणि बदलला तर काय घडते, याचा शोध घ्यावा लागतो. हा शोध किती अल्प साधनांनी घेता येतो, हे दाखवणे एवढाच प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

गेम जॅम म्हणजे काय?

पूर्वतयारीविना जमलेले वादक जशी मैफल रंगवतात, तसे खेळ रचणारे ठरावीक मुदतीत एकत्र येऊन नवा खेळ तयार करतात. या उपक्रमास 'गेम जॅम' म्हणतात. २००२ साली अमेरिकेत 'इंडी गेम जॅम' भरला आणि त्याच वर्षी 'लुडम डेअर' ही स्पर्धा सुरू झाली. लुडम डेअरच्या मूळ प्रकारात एकट्याने अठ्ठेचाळीस तासांत सर्व काही स्वतः करायचे असते : नियम, चित्रे, ध्वनी, सारे काही. २००९ पासून 'ग्लोबल गेम जॅम' जगभर एकाच सुमारास भरू लागला. बहुतेक ठिकाणी रीत सारखीच असते. आरंभी एक विषय जाहीर होतो, त्याला धरून खेळ रचायचा आणि मुदत संपताच तो सर्वांपुढे ठेवायचा.

मुदत अल्प असल्यामुळे मोठी स्वप्ने आपोआप गळून पडतात आणि हाती राहते ती एकच कल्पना. कोड्याच्या खेळाला हेच मानवते. त्याला भव्य चित्रांची गरज नसते. एक चांगला नियम पुरतो.

एका खेळाची जन्मकथा

२०१७ साली डेन्मार्कमधील 'नॉर्डिक गेम जॅम'मध्ये विषय होता 'तेथे नाही'. फिनलंडचा तरुण आर्वी तेइकारी याने त्यातील 'नाही' हा शब्दच उचलला. तापलेल्या लाव्हारसात बर्फाचा तुकडा पडला आहे, आणि 'बर्फ वितळत नाही' असे वाक्य जुळवल्यामुळे तो खरोखरच वितळत नाही, असे एक चित्र त्याच्या मनात उमटले. त्यातून 'बाबा इज यू' हा खेळ जन्मला. यातील बाबा म्हणजे एक छोटा पांढरा प्राणी. पटावर भिंती, दगड, निशाण असतात आणि त्यांच्याबरोबर शब्दांचे ठोकळेही असतात. 'भिंत – म्हणजे – अडथळा' हे तीन ठोकळे ओळीत असतील तोवर भिंत अडवते. त्यातील एक ठोकळा ढकलून बाजूला केला, की वाक्य मोडते आणि त्याच भिंतीतून आरपार जाता येते. 'निशाण म्हणजे विजय' हे वाक्यही मोडता येते आणि निशाणाच्या जागी दगड आणून 'दगड म्हणजे विजय' असेही जुळवता येते.

या खेळाने तो जॅम जिंकला. २०१८ च्या 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल'मध्ये उत्कृष्ट रचनेचा आणि सर्वोत्तम विद्यार्थी-खेळाचा असे दोन पुरस्कार त्याला लाभले. पूर्ण स्वरूपात तो १३ मार्च २०१९ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात दोनशेहून अधिक कोडी आहेत. कल्पना दोन दिवसांत आकारास आली. तिला पूर्णत्व देण्यास पुढे जवळपास दोन वर्षांचे परिश्रम लागले. हे दोन्ही आकडे विद्यार्थ्यांनी एकत्र लक्षात ठेवावेत.

या खेळाची मुळे मात्र जुन्या 'सोकोबान'मध्ये आहेत. जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ साली तो रचला आणि १९८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सोकोबान म्हणजे गोदामाचा रखवालदार. त्याने खोके ढकलत नेमलेल्या जागी न्यायचे असतात. खोका ढकलता येतो, ओढता येत नाही. एका वेळी एकच ढकलता येतो. नियम इतकाच असला तरी हा खेळ साधा नव्हे. अशी कोडी सोडवणे संगणकासही अतिशय अवघड जाते, हे १९९७ साली जोसेफ कल्बरसन यांनी गणिताने सिद्ध केले.

नऊ घरांचा पट

आता प्रत्यक्ष रचना करून पाहू. वाचकांनी कागद घेऊन हे स्वतः करावे, ही विनंती.

कागदावर तीन ओळी व तीन रांगा असा नऊ घरांचा चौकोन आखा. सभोवती भिंत आहे असे समजा. काडेपेटी हा खोका. ती अगदी मधल्या घरात ठेवा. बटण हा खेळाडू. तो खालच्या डाव्या कोपऱ्यात. वरच्या उजव्या कोपऱ्यात फुली करा. खोक्याचा मुक्काम तेथे. खेळाडू एका वेळी एक घर वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे चालतो. तिरपे चालत नाही.

पहिले कोडे सोपे आहे. उजवीकडे जा, वर ढकला. मग डावीकडे, वर, आणि उजवीकडे ढकला. पाच चालींत खोका फुलीवर पोहोचतो. खोका आधी उजवीकडे व मग वर नेला तरी चालते. नवख्या खेळाडूला ढकलणे म्हणजे काय, एवढेच या पातळीतून कळावे.

आता वरच्या डाव्या कोपऱ्यात एक खडा ठेवा. त्या घरात कोणालाही जाता येणार नाही. बाकी सारे पूर्ववत. खेळाडू सवयीने खोका वर ढकलील आणि तेथेच अडकेल. कारण वरच्या ओळीतला खोका उजवीकडे ढकलण्यास ज्या घरात उभे राहायला हवे, तेथे आता खडा आहे. आणि खोका ओढता तर येत नाही. म्हणून आधी वर जाऊन खोका उजवीकडे ढकलावा लागतो. मग खाली, उजवीकडे, आणि शेवटी वर. चाली पाचच, पण क्रम बदलला. ढकलण्यापूर्वी पुढची चाल पाहावी, हा धडा या खड्याने एकही शब्द न उच्चारता दिला. चांगली पातळी अशीच एक नवी गोष्ट शिकवते, आणि तीही मागील पातळीने लावलेल्या सवयीला धक्का देऊन.

आणखी एक खडा खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवून पाहा. आता वरून जाण्याची वाट पहिल्या खड्याने बंद केली आणि उजवीकडून जाण्याची दुसऱ्याने. हे कोडे कठीण नाही. ते अशक्य आहे. दिसायला दोन्ही सारखीच. म्हणून रचणाऱ्याचा पहिला दंडक असा : जे कोडे आपण स्वतः शेवटपर्यंत सोडवलेले नाही, ते दुसऱ्यापुढे ठेवू नये. उत्तर नसलेल्या प्रश्नावर कोणाला तासन्‌तास झुंजवणे हा अन्याय आहे.

वेळेची वाटणी

अठ्ठेचाळीस तास ऐकायला पुष्कळ वाटतात. ते अल्प असतात. विषय कळल्यावर पहिले दोन-तीन तास संगणक बंद ठेवावा. विषयाशी जुळणारे पाच-सहा नियम कागदावर लिहून त्यांतला एकच निवडावा; तो एका वाक्यात सांगता येत नसेल, तर सोडून द्यावा. पहिल्या रात्री झोपण्यापूर्वी एक पातळी खेळता येण्याजोगी झाली पाहिजे, मग तिची चित्रे म्हणजे नुसते रंगीत चौकोन असले तरी चालतील. दुसऱ्या दिवशी पाच-सहा पातळ्या रचाव्यात. अखेरच्या काही तासांत नवीन काही जोडू नये. चुका दुरुस्त करणे, सूचना सोप्या करणे आणि वेळेआधी खेळ सादर करणे, इतकेच करावे. जागरणाने कोडे सुधारत नाही. झोप हाही तयारीचाच भाग समजावा.

साधनांसाठी खर्च लागत नाही. स्टीफन लॅव्हेल यांनी २०१३ साली 'पझलस्क्रिप्ट' हे साधन सर्वांना मोफत उपलब्ध करून दिले. ते ब्राउझरमध्येच चालते आणि त्यात खोका ढकलण्याचा संपूर्ण नियम एका ओळीत लिहिता येतो. लहान मुलांसाठी 'स्क्रॅच', तर मोठ्यांसाठी 'गोडो' ही साधनेही मोफत आहेत.

परीक्षा कोणाची?

पातळी तयार झाली, की ती अशा व्यक्तीपुढे ठेवावी जिने ती पूर्वी पाहिलेली नाही. त्यानंतरचे काम सर्वांत अवघड : गप्प बसणे. खुणा करायच्या नाहीत, 'असे नाही, तसे' म्हणायचे नाही. खेळणाऱ्याचा हात कोठे थबकतो, तो कोणती चूक पुन्हा पुन्हा करतो, हे टिपून ठेवायचे. एक जण अडला तर तो विचार करीत असेल. पण चार जण एकाच घरापाशी, एकाच गैरसमजाने अडले, तर उणीव त्यांच्या बुद्धीत शोधू नये, पटात शोधावी. ज्या मुलाला 'तुला जमत नाही' हे वारंवार ऐकावे लागले आहे, त्याच्यासाठी ही बाजू बदलणे फार मोलाचे ठरते. कधी कधी प्रश्नच सदोष मांडलेला असतो, आणि तो पुन्हा मांडता येतो, हे त्याला स्वतःच्या हातांनी अनुभवता येते.

आपल्या शाळेसाठी

निवासी शाळेला या कामी एक सोय आपोआपच लाभलेली आहे. शहरांत जॅमसाठी मुलांना मुद्दाम एकत्र आणावे लागते. वसतिगृहात ती एकाच छपराखाली असतात. रचणारा एका खोलीत, तर पट तपासणारे दहा मित्र शेजारच्या खोलीत. संगणक मोजके असले तरी अडत नाही : चौकटींची वही, खडे, बटणे आणि काडेपेट्या एवढ्यावर पहिला दिवस सहज निभावतो. ज्यांनी अंगणात रेघा ओढून नवकंकरी किंवा वाघ-बकरी मांडली आहे, त्या आजी-आजोबांना तर पटाची ही भाषा नवी नाही.

संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीचे दोन दिवस द्यावेत, शिक्षकांनी एक विषय जाहीर करावा, आणि दुसऱ्या सायंकाळी मुलांनी रचलेली कोडी पालकांनी स्वतः सोडवून पाहावीत. मूल समोर गप्प उभे आहे आणि वडील डोके खाजवीत म्हणत आहेत, "थांब, सांगू नकोस" : असे दृश्य दिसले तर जॅम सफल झाला असे मानावे. बक्षीस ठेवायचेच असेल, तर ते सर्वांत सुंदर खेळाला न देता प्रत्येक पूर्ण झालेल्या खेळाला द्यावे. दिलेला पट जसाच्या तसा स्वीकारण्याची सवय मुलांना लवकर लागते. तो पट कोणी आखला आणि कोणता खडा हलवला तर वाट मोकळी होईल, हे विचारण्याची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते. तिच्यासाठी दोन दिवस ही काही मोठी किंमत नाही.