वर्कशॉपमधला हुरूप परत आणा: महिनाभराची कृती

तुमचं वीस-पंचवीस माणसांचं मशिन शॉप आहे. ऑर्डरी आहेत, माल जातोय, पण माणसं पाट्या टाकतायत असं तुम्हाला वाटतंय. घाबरू नका, हे दुरुस्त होतं. फक्त पायऱ्यांचा क्रम मोडू नका. बरेच मालक थेट बक्षिसापासून सुरुवात करतात आणि तिथेच गाडी अडते.

हाताशी घ्या: गेल्या तीन महिन्यांचं मस्टर, सहा महिन्यांचं पगारपत्रक, एक कोरी वही, पेन्सिल आणि सारख्या उंचीच्या दोन खुर्च्या.

१. मस्टर उघडा आणि प्रत्येक खाड्याभोवती पेन्सिलीने गोल करा. कुणाचे खाडे रात्रपाळीनंतर पडतात, कुणाचे ओव्हरटाइमच्या आठवड्यानंतर, हे लगेच दिसायला लागेल. सांभाळा: कुणाच्याही नावापुढे ‘आळशी’ लिहू नका. कारण अजून तुम्हाला कळलेलं नाही.

२. गेल्या सहा महिन्यांत पगार कोणत्या तारखेला झाला, ते वहीत एकाखाली एक लिहा. कायद्याने तो पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. तारीख १०, १२ अशी घसरत असेल तर इथेच थांबा आणि आधी ती जागेवर आणा. ज्याच्या घरभाड्याची तारीख हुकते, त्याच्यापुढे उमेदीच्या गोष्टी करून उपयोग नाही.

३. ओव्हरटाइमचा हिशोब पुन्हा करा. दर दुप्पट असतो, हे पक्कं धरा. महिना १५,६०० रुपये पगाराचा हेल्पर घ्या: २६ दिवसांनी भागलं की रोज ६०० रुपये, ८ तासांनी भागलं की तासाला ७५. म्हणजे ओव्हरटाइमच्या तासाला १५०. तीन तास थांबला तर ४५० रुपये त्याचे झाले. साध्या दराने २२५ हातावर ठेवले असतील तर फरक या पगारात चुकता करा. गडबड होते ती इथेच: मालक विसरतो, कामगार कधीच विसरत नाही.

४. प्रत्येकाला त्याचं पीएफचं पासबुक मोबाईलवर उघडून दाखवा. ‘भरलंय हो’ एवढं तोंडी सांगून भागत नाही. आकडा त्याने स्वतः पाहायला हवा.

५. बोलायची जागा ठरवा. केबिन नको, मशिनचा आवाजही नको. स्टोअरच्या बाजूचा कोपरा चालेल. वेळ कामाची द्या. सांभाळा: चहाची किंवा डब्याची सुट्टी यात खाऊ नका, ती त्याची आहे.

६. एकेकाला बोलवा, सगळ्यात जुन्या माणसापासून. त्याला डावललंत तर बाकीचे मोकळे होणार नाहीत. सुपरवायझरला बरोबर बसवू नका, तो कितीही चांगला असला तरी.

७. पहिला प्रश्न विचारा: ‘मामा, या आठवड्यात कुठलं काम करताना मजा आली?’ आणि गप्प बसा. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलंत तर ‘ठीक आहे शेठ’ एवढंच मिळेल आणि तुम्ही दोघंही उठाल.

८. दुसरा प्रश्न विचारा: ‘काम कुठे अडतं?’ इथे घाई करू नका, खरा माल इथेच आहे. आधी माणूस इकडचं-तिकडचं बोलेल. मग हळूच निघेल, ‘शेठ, व्हर्नियर एकच आहे. एक जण मापतो, तोवर आम्ही दोघं उभे. वरून सुपरवायझर म्हणतात, उभे का?’ बघा, दोन माणसं उभी दिसत होती. ती कामचुकार नव्हती, मापासाठी थांबली होती. सांभाळा: मध्येच सुपरवायझरची बाजू घेऊ नका आणि ‘आमच्या वेळी’ हे शब्द तर अजिबात काढू नका.

९. तो बोलला ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. कसलंही वचन देऊ नका. ‘बघतो आणि शुक्रवारपर्यंत सांगतो’ म्हणा.

१०. सगळ्यांशी बोलून झालं की नोंदींपुढे खूण करा: पैसा, हत्यारं, वागणूक, शिकायचंय. बस, चार पुरे.

११. आठ दिवसांत पुरी होईल अशी एकच अडचण निवडा आणि सोडवा. वर सांगितल्यासारखी असेल तर आणखी दोन व्हर्नियर आणून मशिनजवळ ठेवा. मोठं काहीतरी करायच्या नादात हे लांबवू नका. बोललेलं खरंच ऐकलं गेलं, याचा पुरावा माणसांना डोळ्यांसमोर हवा असतो.

१२. शुक्रवारी पाळी सुटायच्या आधी सगळ्यांना सांगा: काय केलं, काय पुढच्या महिन्यात होईल आणि काय जमणार नाही. न जमणाऱ्याचं कारणही सांगा. सांभाळा: तक्रार कुणाची होती ते नाव तोंडातून निसटू देऊ नका. एकदा निसटलं की वही कायमची कोरी राहील.

१३. चांगलं काम दिसलं की त्याच दिवशी, मशिनपाशी जाऊन, नेमकं सांगा. ‘शाब्बास’ हवेत विरतं. ‘आजच्या ५० बुशांत एकही रिजेक्ट नाही, बोअर अगदी मापात आलाय’ हे लक्षात राहतं. चूक मात्र बाजूला घेऊनच सांगा.

१४. ज्याच्या नावापुढे ‘शिकायचंय’ आहे, त्याला आठवड्यातले दोन तास जुन्या टर्नरच्या हाताखाली द्या. शिकवणाऱ्याचं प्रॉडक्शन त्या दोन तासांत कमी येईल, ते त्याच्या टारगेटमधून आधीच वजा करा. शिकून झाल्यावर पगार कधी बघणार, ती तारीखही आजच सांगा. जबाबदारी वाढवून पगार तसाच ठेवलात, तर शिकलेला माणूस शेजारच्या शेडमध्ये जाईल.

१५. महिन्याने मस्टर पुन्हा उघडा आणि खाड्यांची जुन्या पानांशी तुलना करा. बक्षीस वगैरे काढायचं असेल तर ते आता काढा, आधी नाही.

१६. तीन महिन्यांनी बोलण्याची फेरी पुन्हा घ्या. जो पहिल्या वेळी तोंडच उघडत नव्हता, त्याला या वेळी सगळ्यांत निवांत वेळ द्या.