पुडी वेळेवर घेतली. पण आतली प्रत्येक गोळी अजून लागते का?

घरातल्या ज्येष्ठांना रोज सात-आठ गोळ्या असतील, तर आपण आठवड्याची डबी भरतो. काही ठिकाणी फार्मसीच सकाळ, दुपार, रात्र अशा वेळेनुसार बंद पुड्या करून देते. ही सोय चांगलीच आहे. मात्र तिचा परिणाम डॉक्टरांच्या लिहिण्यावरही होतो, हे फारसं कुणी सांगत नाही.

स्वीडनमध्ये ही पद्धत १९८०च्या दशकापासून आहे. यंत्राने भरलेल्या पुड्यांचा साधारण दोन आठवड्यांचा रोल येतो आणि प्रत्येक पुडीवर रुग्णाचं नाव, औषधं, तारीख, वेळ छापलेली असते. गोटेबोर्गच्या संशोधकांनी ज्येष्ठांची औषधं पुड्या सुरू होण्याआधी आणि नंतर तपासली. नंतर औषधांची संख्या वाढली होती आणि त्यांत होणारे बदल कमी झाले होते. याचं एक कारण समजण्यासारखं आहे. त्या व्यवस्थेत सगळी यादी मोजक्या क्लिकमध्ये पुढे चालू ठेवता येते. एक गोळी काढायची तर फार्मसीला कळवा, तयार रोलचं काय करायचं ते ठरवा. घाईच्या ओपीडीत ‘आहे तेच चालू ठेवा’ म्हणणं सोपं पडतं.

दुसरी बाजूही खरी आहे. नॉर्वेतल्या अभ्यासात पुड्या सुरू झाल्यावर डॉक्टरांची यादी आणि घरी येणाऱ्या नर्सची यादी यांतली तफावत कमी झाली. नेदरलँड्समध्ये पुडी वापरणारे गोळ्या अधिक नियमित घेतात असं दिसलं. मात्र कोणती गोळी कशासाठी, हे त्यांना कमी ठाऊक होतं. मला काळजी वाटते ती इथेच. रुग्ण विचारेनासा होतो आणि डॉक्टरही फेरविचार करेनासा होतो.

एक नेहमी दिसणारी साखळी सांगतो. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन सुरू होतं, त्याने पाय सुजतात. दुसरे डॉक्टर सूज पाहून लघवी वाढवणारी गोळी देतात. पोटॅशियम उतरतं, मग त्याचं औषध. तिन्ही पुडीत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं राहतात. खरं तर पहिल्या गोळीचा डोस कमी केला किंवा ती बदलली असती, तर बाकीच्या दोन लागल्याच नसत्या. दुखण्याच्या गोळीबरोबर पोट सांभाळायला दिलेलं पॅन्टोप्राझोल दुखणं थांबल्यावरही चालू राहतं, तेही असंच. वयाबरोबर किडनीचं काम मंदावतं. ईजीएफआर (रक्ततपासणीतून कळणारा किडनीच्या कामाचा आकडा) ३०च्या खाली गेला की मधुमेहाचं मेटफॉर्मिन थांबवावं लागतं. रक्ततपासणी कुणी पाहिलीच नाही, तर पुडीला हे कळणार कसं?

म्हणून वर्षातून किमान एकदा, आणि रुग्णालयातून घरी आल्यावर लगेच, फक्त औषधांसाठी अपॉइंटमेंट घ्या. पुडी किंवा डबी, डिस्चार्ज कार्ड, ताजे रिपोर्ट आणि पुडीबाहेरचं सगळं सोबत न्या: इन्शुलिन, इन्हेलर, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्णं, दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. एकेका गोळीपुढे विचारा, ‘ही कशासाठी, आणि कधीपर्यंत?’ तीन तज्ज्ञ असतील, तर सगळी यादी कोण सांभाळणार ते स्पष्ट ठरवून घ्या. माझ्या मते हे काम फॅमिली डॉक्टरांचंच.

डिस्चार्जनंतर जुनी पुडी आणि नवी गोळी एकत्र घेऊ नका. नाहीतर रक्तदाबाचं टेल्मिसार्टन दोन वेगळ्या ब्रँडच्या नावांनी पोटात जातं आणि चक्कर येऊन माणूस पडतो. नवी यादी फार्मसीकडे पोचल्याची खात्री करा. मधल्या काळात पुडी फोडून रंगावरून गोळी ओळखायला जाऊ नका; उत्पादक बदलला की रंगही बदलतो.

डबी घरीच भरत असाल, तर मेथोट्रेक्सेटला फार जपा. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज गेलं तर जिवावर बेततं. डॅबिगाट्रान आणि सोडियम व्हॅल्प्रोएट ओलाव्याने खराब होतात, ती मूळ वेष्टनातच ठेवा.

आणि हे वाचून आजच एखादी गोळी स्वतःहून बंद करू नका. मेटोप्रोलोल, फिटची औषधं, क्लोनाझेपाम एकदम सोडली तर त्रास उलटतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागतात.